घोंगडी, मांजरपाट आणि एक सपाट फळी

बाजारात मिळणारं इस्त्रीचं टेबल एका टोकाला निमुळतं असतं. त्या टोकावर शर्टाचा खांदा बसतो, ब्लाउजची बाही चढते, परकराचा घेर सरकवत सरकवत फिरवता येतो. गोधडीला ना खांदा, ना बाही. तिला हवा सपाट, रुंद, घट्ट आणि चौकोनी पृष्ठभाग, आणि नेमका तोच या टेबलावर नसतो. म्हणून शिवणकामासाठी टेबल घ्यायला निघालेल्या माणसानं आधी एवढंच ठरवावं, की आपण अंगावरचे कपडे जास्त शिवतो की तुकडे जोडतो. पाय किती मजबूत आहेत, कव्हर कुठल्या रंगाचं आहे, इस्त्री उभी करायला जाळी आहे की नाही, हे सगळं त्यानंतर.

निमुळता आकार कपड्यांसाठीच जन्माला आला. सारा बून ही अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेली स्त्री पुढे कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात राहून बायकांचे कपडे शिवत असे. २६ एप्रिल १८९२ रोजी तिला इस्त्रीच्या फळीचं पेटंट मिळालं. त्याआधीही इस्त्रीच्या फळ्या होत्या, त्यांची पेटंटंही होती. पण बूनबाईंची फळी अरुंद आणि किंचित वळणदार होती, कारण तिला बायकांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखांच्या बाह्या आणि कमरेच्या शिवणी दाबायच्या होत्या. बाहीत फळी सरकवायची, एक बाजू दाबायची, उलटवून दुसरी दाबायची. हे शिवणाऱ्या बाईचं डोकं होतं. आपल्याकडच्या परटाला मात्र या आकाराची कधी गरज पडली नाही. त्याच्या लारीवर भलंमोठं सपाट लाकडी टेबल, त्यावर जुन्या कापडांचे थर आणि हातात कोळशाची जड इस्त्री. साडी आणि घडीचा शर्ट यांना तेच सोयीचं. गोधडीवालीनं नक्कल करायची तर परटाची करावी.

आता कुणी म्हणेल, गोधडीला इस्त्री कशाला? आज्या कुठे करत होत्या? बरोबर आहे. जुन्या पद्धतीची गोधडी म्हणजे वापरून मऊ झालेली लुगडी आणि धोतरं जमिनीवर एकावर एक अंथरायची, हातानं सुरकुत्या सारायच्या, कोपऱ्यांवर काहीतरी वजन ठेवायचं आणि धावदोरा घालत जायचं. तिथं तुकडा तुकड्याला जोडलेला नसतो, तो खालच्या थरावर ठेवून शिवलेला असतो. तो अर्धा बोट इकडे सरकला तरी काही बिघडत नाही. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीतही तेच: कडेपासून आत आत येत, तुकड्याची कड बोटानं दुमडून जागच्या जागी शिवायची. बोटाचा दाब हीच तिथली इस्त्री. आणि अगदीच लागली, तर पितळी तांब्यात निखारे घालून काम भागवणारी घरं महाराष्ट्रात पुष्कळ होती.

हल्ली मशीनवर जी गोधडी होते तिचा हिशेब निराळा आहे. चौकोन, त्रिकोण, पट्ट्या कापून एकमेकींना जोडायच्या, त्यांचा मोठा चौकोन करायचा, असे चौकोन जोडून वरचा पदर तयार करायचा, मग अस्तर आणि मधला थर. इथं प्रत्येक शिवणीला पाव इंचाची माया ठेवलेली असते. शिवण नीट उघडून दाबली नाही, तर कापडाची बारीकशी दुमड शिवणीपाशी तशीच राहते. समजा, ती एक मिलिमीटरची आहे. एका ओळीत आठ तुकडे म्हणजे सात शिवणी. ओळ सात मिलिमीटरनं आखूड झाली. शेजारची ओळ नीट दाबलेली असेल, तर दोन्ही जोडताना कोपऱ्याला कोपरा मिळणार नाही. मग ओढून ताणून शिवायचं आणि धुतल्यावर गोधडी मधेच फुगलेली दिसते. बहुतेक वेळा दोष मशीनला दिला जातो. खरी गोष्ट अशी, की प्रत्येक शिवण मारल्यावर ती लगेच दाबायला हवी होती आणि जिथं दाबली ती जागा मऊ होती.

दाबणं आणि फिरवणं यात फरक आहे. परीट इस्त्री फिरवतो, कारण त्याला सुरकुती घालवायची असते. गोधडीत इस्त्री उचलायची, ठेवायची, दाबायची, पुन्हा उचलायची. उरेब, म्हणजे तिरकस कापलेल्या कडेवर इस्त्री घासत नेली तर कापड ताणतं. त्रिकोणाची लांब कड पुष्कळदा उरेबच असते. चौकोनाचा पतंग होतो तो इथं, कात्रीखाली नव्हे.

कापड दाबल्यानं का बसतं, तर सुताच्या तंतूतल्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना नाजूक बंधांनी धरून असतात. पाणी ते बंध सैल करतं. उष्णतेनं पाणी उडून गेलं, की साखळ्या ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत पुन्हा धरल्या जातात. म्हणजे सुरकुती जाण्यासाठी तीन गोष्टी लागतात: ओल, उष्णता आणि कोरडं होईपर्यंत स्थिर दाब. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. गरम चौकोन उचलून लगेच झटकला, की अर्धी मेहनत वाया. परदेशी शिंपी यासाठी कठीण लाकडाचा गुळगुळीत ठोकळा वापरतात. इस्त्री उचलल्या उचलल्या तो शिवणीवर ठेवायचा आणि थंड होऊ द्यायचं. लाकूड उष्णताही शोषतं आणि वाफही. सुतारकामातून उरलेला सागवानी तुकडा, कडा घासून गोल केलेला, पॉलिश न लावलेला, हे काम बिनतक्रार करतो.

कर्जतजवळच्या आमच्या भिवपुरीत या सगळ्याला पावसाचा संदर्भ आहे. माथेरानचा डोंगर एका अंगाला, घाटाची भिंत दुसऱ्या अंगाला, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवा पाण्यानं भरलेली. प्रयोगशाळेतल्या प्रमाण हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून असतं. कोरडं वजन एक किलो असेल तर ८५ ग्रॅम. श्रावणातल्या भिवपुरीत ते त्याहून बरंच जास्त धरतं. याचा अर्थ पावसाळ्यात इथं सुती तुकड्यावर पाणी शिंपडायची फारशी गरज नसते. अडचण उलटी असते, पाणी बाहेर काढायची. कापलेले तुकडे आठवडाभर पिशवीत राहिले, तर मापही किंचित हलतं. म्हणून कापण्याआधी दाबायचं, पूर्ण कोरडं करायचं, मग कापायचं. आणि दाबताना निघालेली वाफ खाली कुठं जाते, यावर टेबल चांगलं की वाईट हे ठरतं.

इथून एकेक पृष्ठभाग तपासून पाहू.

स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा सपाट असतो, कठीण असतो, उंचीलाही बरा असतो, त्यामुळे मोह होतो. पण दगड उष्णता ओढून घेतो, आणि खालच्या थंड दगडावर वाफेचं पुन्हा पाणी होतं. वरून कोरडा दिसणारा तुकडा खालून दमट राहतो. पावसाळ्यात फरशीवर चादर घालून इस्त्री करण्यातही तीच गोम, वर कंबरदुखी आणि ओल्या फरशीवर विजेचं उपकरण. पलंगावरची गादी तर नकोच. मऊ गादीत शिवण खोल रुतते आणि कड वर उचलते. इस्त्रीचा दाब शिवणीला मिळतच नाही.

दुकानातल्या टेबलाची गादी बहुधा फोमची असते. फोम बोटाला छान लागतो, म्हणून दुकानदार तिथं दाबून दाखवतो. गोधडीवालीनं त्याच कारणासाठी नको म्हणावं. वर्षभराच्या उष्णतेनं फोम चपटा होतो, मधे खळगा पडतो, आणि वर चौकोन ठेवला तर तो त्या खळग्याचा आकार घेतो. खाली लोखंडी जाळी असलेलं टेबल वाफ खाली सोडतं हे चांगलं, पण गादी पातळ असेल तर जाळीची नक्षी कापडावर उमटते. भिवपुरीच्या हवेत जाळीचा रंग जिथं खरवडला जाईल तिथं गंज येणार, आणि गंजाचा डाग पांढऱ्या पॉपलिनवर बसला की साबणाला दाद देत नाही. चंदेरी कव्हर उष्णता परत वर पाठवतं, त्यामुळे काम भरभर होतं; पण तो धातूचा लेप वाफही अडवतो. कोरड्या इस्त्रीला आणि कोरड्या ऋतूला ते ठीक. वाफेची इस्त्री आणि आषाढ यांच्याबरोबर त्याचं जमत नाही. सनमायका लावलेलं टेबल तर इस्त्रीखाली घेऊच नये, त्याला फुगे येतात.

माझ्या मते या कामाला घोंगडीला तोड नाही. लोकर आपल्या वजनाच्या साधारण सोळा टक्के पाणी सहज धरते, म्हणजे सुताच्या जवळपास दुप्पट, आणि तरीही हाताला ओली लागत नाही. तंतूंमध्ये हवा कोंडलेली असल्यानं इस्त्रीची उष्णता खाली झिरपून जात नाही, वरच राहते, आणि तुकड्याला खालूनही ऊब मिळते. लोकर फोमसारखी खचत नाही. शिवणीचा उंचवटा तेवढाच आत घेते. आता शहरातल्या हौशी गोधडीवाल्यांमध्ये लोकरीच्या जाड, दाबलेल्या चटया महाग किमतीला विकल्या जातात आणि त्यांचं मोठं कौतुक होतं. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी त्याच जातीचं काम करते आणि ती सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या बाजारांत आजही मिळते. मात्र नवी घोंगडी थेट वापरू नये. विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते. गरम वाफ लागली की तिचा वास आणि डाग वर येऊ शकतो. एकदा गार पाण्यात धुवून, पिळून न काढता सावलीत वाळवायची. वापरताना ओल्या लोकरीचा वास येतो, तो काही काळ सोसावा लागतो. शेळ्या-मेंढ्यांच्या गावात वाढलेल्याला तो जाणवणारही नाही.

फळीसाठी प्लाय घ्यावा, १८ किंवा १९ मिलिमीटरचा, आणि पाण्याला टिकणारा. आयएस ३०३ मधला उकळत्या पाण्याला टिकणारा प्रकार पुरेसा आहे. आयएस ७१० चा मरीन प्लाय मिळाला तर उत्तम. एमडीएफ आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्या स्वस्त असतात, पण वाफेनं कडा फुगतात आणि इथल्या एका पावसाळ्यात त्यांचा निकाल लागतो. आठ बाय चार फुटांच्या अख्ख्या प्लायमधून चार बाय दोन फुटांच्या चार फळ्या निघतात, तेव्हा शेजारणींनी मिळून घेतला तर परवडतो. नाहीतर सुताराकडे उरलेला तुकडा असतोच. चार बाय दोन हे माप गोधडीला फार सोयीचं आहे: बारा इंची चौकोन शेजारी शेजारी आणि खालीवर धरून आठ मांडता येतात, आणि पूर्ण ओळ न लोंबता मावते. दुकानातलं टेबल लांबीला सुमारे चार फूट असलं, तरी रुंदी सव्वा फुटाच्या आसपासच, आणि पुढचा भाग निमुळता होऊन वाया जातो.

फळीला रंग, वॉर्निश काही नको, गरम झालं की ते चिकटतं. कडा पॉलिशपेपरनं घासाव्यात. वर घोंगडीचा एक पदर, हवा तर दोन. त्यावर मांजरपाटाचे दोन थर. एक थर पुरत नाही, कारण दख्खनी लोकरीचा भरड केस पातळ कापडातून वर येतो आणि पांढऱ्या तुकड्यात अडकतो. मांजरपाट आधी धुवून आटवून घ्यायचा, नाहीतर वाफेनं फळीवरच आकसेल. उभा धागा फळीच्या लांबीला समांतर धरून ताणायचा, आधी मधे, मग कोपऱ्यांकडे, आणि खालून टाचायचा. मला खालून नाडी ओवणं जास्त आवडतं. कव्हर काढून धुता येतं. सगळ्यात वर एक इंच चौकडीचं फिकं कापड घातलं तर चौकोन काटकोनात आहे की नाही हे दाबतानाच कळतं. फक्त चौकडी विणलेली हवी, छापलेली नव्हे. छापील रेघ धाग्याशी समांतर असेलच असं नाही. गडद रंग तर टाळावाच, वाफेनं तो वरच्या तुकड्यात उतरतो.

उंचीचा नियम साधा आहे: उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवला, की फळी कोपरापासून चार ते सहा इंच खाली असावी. त्याहून उंच असेल तर खांदा उचलून दाबावं लागतं आणि इस्त्रीचं स्वतःचं वजन उपयोगाला येत नाही. तुकडे जोडण्याच्या कामात मात्र दर दोन मिनिटांनी उठणं आलं. त्यासाठी मोठ्या फळीखेरीज दीड बाय एक फुटाची छोटी फळी मशीनच्या डाव्या हाताला, बसल्या उंचीवर ठेवावी. शिवणी तिथं दाबायच्या, पूर्ण झालेला चौकोन मोठ्या फळीवर. पायमशीनवर ज्यांनी दिवसभर फॉल-पिको केलं आहे त्यांना ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही.

ज्या घरात ब्लाउजही शिवले जातात आणि गोधड्याही, तिथं काय? कटोरी ब्लाउजची गोलाई सपाट फळीवर दाबली तर चपटी होते, मुंढ्याची शिवण चुरगळते. त्यासाठी जुन्या सुती कापडाची उशीसारखी घट्ट गुंडाळी आणि बाहीपुरता अरुंद पाट पुरतो. दोन्ही सपाट फळीवर ठेवून वापरता येतात. निमुळत्या टेबलावर गोधडी नीट करता येत नाही, पण सपाट टेबलावर ब्लाउज होतो. माझा कौल म्हणूनच फळीच्या बाजूनं आहे.

इस्त्रीबद्दल थोडक्यात. गोधडीला जड, सपाट तळाची साधी इस्त्री चांगली. वाफेच्या इस्त्रीच्या छिद्रांपाशी दाब आणि उष्णता कमी पडते, आणि बोअरचं पाणी भरलं तर त्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके कापडावर पडतात. कपड्यांच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात एक, दोन, तीन ठिपके असतात, म्हणजे तळाचं तापमान अनुक्रमे साधारण ११०, १५० आणि २०० अंशांपर्यंत. सुताला तीन चालतात. गोधडीत जुनी पॉलिस्टर साडी घालायची असेल, तर पाणी शिंपडून उपयोग नाही, कारण पॉलिस्टर अर्धा टक्काही पाणी धरत नाही. ते केवळ उष्णतेनं वळतं. मंद इस्त्री, वर सुती फडकं, आणि थंड होईपर्यंत ठोकळा. चिकटणारं कॅनव्हास लावताना खाली टाकाऊ तुकडा घ्यावा, नाहीतर त्याचा डिंक मांजरपाटावर बसतो आणि पुढच्या गोधडीला लागतो.

१००० वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या आसपास ओढते, ती साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. २००० वॅटच्या वाफेच्या इस्त्रीला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. तिला बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनवर लावणं म्हणजे वायर वितळायची वाट पाहणं. इस्त्रीवर आयएस ३६६ चा आयएसआय शिक्का आणि सॉकेटला अर्थिंग, दोन्ही पाहून घ्यावं. फळी अशी ठेवावी, की सॉकेट उजव्या हाताला येईल आणि वायर गोधडीवरून घासत जाणार नाही. आणि विजेचा विषय निघालाच आहे तर: घाटावरच्या आंध्रा नदीचं पाणी ठोकरवाडी धरणातून खाली आणून टाटांच्या कंपनीनं भिवपुरीचं वीजघर १९२२ मध्ये सुरू केलं, खोपोलीच्या सात वर्षांनंतर. मुंबईच्या गिरण्यांना ती वीज हवी होती. त्याआधीच अमेरिकेत घरगुती इस्त्रीनं वीज कंपन्यांच्या सवयी बदलल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारियो गावी वीज कंपनीत काम करणाऱ्या अर्ल रिचर्डसननं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हलकी विजेची इस्त्री बनवली, पण गावाला वीज संध्याकाळीच मिळायची. सोमवारी धुणं आणि मंगळवारी इस्त्री ही तिथली रीत; म्हणून त्यानं कंपनीला मंगळवारी दिवसाही यंत्रं चालू ठेवायला लावली. पुढे हॉटपॉइंट या नावानं ती इस्त्री घरोघरी गेली.

एवढं करूनही तयार टेबलच घ्यायचं असेल, तर कल्याण, उल्हासनगरच्या दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात. पूर्ण उघडून मधोमध दोन्ही तळवे टेकून जोर द्यावा. डगमगलं तर नको, कारण गोधडीत दाबच द्यायचा असतो. कव्हर काढून खालचा पत्रा किंवा जाळी बघावी, पावडर कोटिंग सलग आहे का. आणि फोम निघतो का हे विचारावं, म्हणजे घरी आणून त्याजागी घोंगडी घालता येईल. मग ते चार फुटी धूड कर्जत लोकलमधून भिवपुरी रोडला आणायचं. दुपारच्या गाडीनं यावं, संध्याकाळच्या गर्दीत दाराशी उभ्या असलेल्या लोकांना टेबलाचे पाय समजावून सांगणं अवघड जातं.

उरेब कडा ताणू नयेत म्हणून कापण्याआधी तुकड्यांना पातळ खळ लावतात. भाताच्या या मुलखात पेज घरातच असते, आणि गाळलेली पातळ पेज बाजारच्या फवाऱ्याइतकंच काम करते. फक्त खळ लावलेलं कापड साठवून ठेवू नये. कसर आणि बुरशी दोघींनाही ती आवडते. गोधडी पूर्ण झाली की एकदा धुवून टाकावी. तेच फळीच्या कव्हरचं. खळ आणि घाम साचून मांजरपाट पिवळा, मग तपकिरी होतो, इस्त्रीच्या तळाला चिकटू लागतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कव्हर उतरवावं, धुवावं, आणि वाळेपर्यंत घोंगडी दांडीवर हवेशीर टाकावी. फळी भिंतीला सपाट चिकटवून ठेवू नये, तळाशी दोन लाकडी पट्ट्या देऊन तिरकी उभी करावी, म्हणजे मागून हवा फिरते. ऑक्टोबरमध्ये ऊन आलं, की घोंगडीला दोन दिवस कडक ऊन द्यावं आणि मांजरपाटाचा वरचा थर बदलावा. जुना थर गोधडीच्या पोटात घालता येतो.